७३० दिवस आणि एक पासपोर्ट

७३०. कॅनडात ‘पीआर’ घेऊन राहणाऱ्या माणसाला झोपेतून उठवून विचारले तरी हा आकडा सांगता येतो. कोणत्याही पाच वर्षांच्या काळात किमान ७३० दिवस देशात हजर असले, की कायमच्या वास्तव्याचा हक्क शाबूत राहतो. पाच वर्षांचे १,८२५ दिवस धरले तर हे बरोबर ४० टक्के भरतात. उरलेले १,०९५ दिवस तो माणूस नाशिकला आईजवळ राहिला, दुबईत नोकरीला गेला किंवा नुसता फिरत राहिला, तरी कायदा त्याचा हिशेब मागत नाही. गंमत अशी की नागरिकत्व हवे असेल तर हाच १,०९५ आकडा उलटा लागतो. पाच वर्षांतले तेवढे दिवस देशाच्या आत काढावे लागतात.

हे सगळे स्थलांतरितांचे गणित. नोकरीच्या, शिक्षणाच्या किंवा कुटुंबाच्या वाटेने आलेल्यांचे. पण तेच पीआर कार्ड खिशात असलेला दुसरा एक माणूस त्याच गल्लीत राहतो. तो निर्वासित म्हणून आला, त्याचा दावा खरा ठरला आणि यथावकाश त्यालाही कायमचे वास्तव्य मिळाले. दोघांच्या कार्डांचा रंग सारखा, मुदत सारखी, पाच वर्षांची. मायदेशाच्या तिकिटाचा अर्थ मात्र दोघांसाठी पूर्ण वेगळा आहे, आणि हा फरक किती मोठा आहे हे बहुतेकांना विमानतळावर किंवा नागरिकत्वाचा अर्ज भरताना कळते.

उदाहरणासाठी दोन काल्पनिक माणसे घेऊ. पहिला नाशिकचा अभियंता. पाच वर्षांत मिळून ७३० दिवस तो भारतात राहिला. वडिलांचे आजारपण, मग जमिनीची कामे, मग बहिणीचे लग्न. म्हणजे ४० टक्के काळ तो मायदेशात होता. दुसरी बोगोटाची शिक्षिका, सशस्त्र टोळीच्या धमक्यांमुळे पळून आलेली. ती पाच वर्षांत दोनदा कोलंबियाला गेली, दर वेळी बारा दिवस, आजारी आईला भेटायला. एकूण २४ दिवस, म्हणजे १,८२५ दिवसांच्या सव्वा टक्क्याहून किंचित जास्त. अभियंत्याला कोणी काही विचारणार नाही. शिक्षिकेचा निर्वासित दर्जा, तिचे कायमचे वास्तव्य आणि देशात राहण्याचा अधिकार, तिन्ही एकाच दिवशी, एकाच निकालाने जाऊ शकतात.

याचे मूळ १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात आहे. कराराच्या पहिल्याच कलमात निर्वासित कोण हे सांगितले आहे, आणि तिथेच हा दर्जा कधी संपतो तेही दिले आहे. ज्या देशाने आपले रक्षण केले नाही त्याच देशाचे संरक्षण माणसाने आपखुशीने पुन्हा स्वीकारले, तर त्याला परक्या देशाच्या छत्राची गरज उरली नाही, असे त्यामागचे तर्कशास्त्र आहे. मूळ कल्पनेत चूक काही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाची, म्हणजे यूएनएचसीआरची जी मार्गदर्शक पुस्तिका जगभर वापरली जाते, तिने यासाठी तीन कसोट्या सांगितल्या आहेत. कृती स्वेच्छेने झाली का, संरक्षण पुन्हा घेण्याचा हेतू होता का, आणि ते संरक्षण प्रत्यक्षात मिळाले का. वृद्ध किंवा आजारी आई-वडिलांना भेटायला जाणे आणि सुटीसाठी किंवा धंद्यासाठी वारंवार जाणे यांना एकाच मापाने मोजू नये, हेही त्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले आहे.

पासपोर्टचा प्रश्न इथेच येतो. मायदेशाचा पासपोर्ट नवा काढला किंवा त्याची मुदत वाढवून घेतली, तर माणसाने त्या देशाचे संरक्षण मागितले असे गृहीत धरले जाते. त्या पासपोर्टवर मायदेशीच गेला तर हे गृहीतक आणखी पक्के होते. ते खोडून काढण्याची जबाबदारी निर्वासितावर येते.

कॅनडात २०१२ पर्यंत या सगळ्याचा कायमच्या वास्तव्यावर परिणाम होत नसे. निर्वासित दर्जा संपला असे ठरले तरी पीआर टिकून राहायचा, आणि त्यामुळे सरकारही अशा प्रकरणांच्या मागे फारसे लागत नसे. १५ डिसेंबर २०१२ रोजी नवी तरतूद लागू झाली आणि दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधल्या गेल्या. आता मायदेशाचे संरक्षण पुन्हा घेतले या कारणाने दर्जा संपला, तर पीआरही आपोआप जातो. याला एकच महत्त्वाचा अपवाद आहे. मायदेशातली परिस्थिती बदलली म्हणून दर्जा संपवला गेला तर पीआर राहतो. म्हणजे देशात शांतता आली तर तुमचे घर सुरक्षित, पण शांतता नसताना आईला भेटून आलात तर ते धोक्यात. हे वाचून ज्याला विचित्र वाटत नाही त्याने ते पुन्हा एकदा वाचावे.

पुढचे आकडे आणखी कडक आहेत. दर्जा संपल्यावर देशाबाहेर काढण्यापूर्वी जिवाला असलेला धोका तपासला जावा, असा अर्ज १२ महिने करता येत नाही. मानवतेच्या आधारावर राहू द्या, अशी विनंतीही १२ महिने करता येत नाही. मुलांचे हित आणि गंभीर आजारपण असे मोजके अपवाद आहेत तेवढेच. निर्वासितांच्या अपील विभागाकडे दाद मागता येत नाही. फेडरल न्यायालयात फेरविचारासाठी जायचे तर १५ दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि तोही आधी न्यायालयाने परवानगी दिली तरच ऐकला जातो.

आता हे आपल्या नाशिकच्या अभियंत्याशी ताडून पाहा. समजा त्याचे ७३० दिवस भरले नाहीत, चारशेच भरले. त्याने नियम उघडपणे मोडला. तरी त्याला अपिलाचा हक्क आहे. परदेशातून मिळालेल्या नकाराविरुद्ध ६० दिवसांत तो अपील करू शकतो, आणि तिथे त्याच्या वडिलांचे आजारपण, मुलांची शाळा, कॅनडातले त्याचे बस्तान हे सगळे मानवतेच्या दृष्टीने तोलले जाते. नियम मोडणाऱ्याला जी दया मिळू शकते ती नियम न मोडलेल्या शिक्षिकेला मिळत नाही. दोघांच्या हातातल्या कार्डांवर मात्र एकच शब्द लिहिलेला असतो, ‘कायमचे’.

हा कायदा आणणाऱ्यांची बाजू मांडायलाच हवी. त्यांचे म्हणणे होते की जीव धोक्यात आहे असे शपथेवर सांगणारा माणूस वर्षभरात त्याच देशात सुटीला जात असेल, तर सगळी आश्रयव्यवस्था बदनाम होते, आणि खऱ्या गरजूंवरचा लोकांचा विश्वास उडतो. ही चिंता खोटी नाही. पण खोटे बोलून दर्जा मिळवणाऱ्यांसाठी त्याच कायद्यात वेगळे कलम आहे, आधीपासून आहे. दावा खोटा होता असे सिद्ध झाले तर मूळ निर्णयच रद्द होतो, जणू दर्जा कधी मिळालाच नव्हता. दर्जा समाप्तीचे कलम मात्र ज्यांचा दावा खरा होता त्यांनाच लागते. फसवणुकीचे नाव पुढे करून आणलेला हा दंड प्रत्यक्षात खरे बोललेल्यांच्या वाट्याला येतो, आणि माझा या कायद्याला सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे.

तरतूद लागू झाल्यावर सीमा सेवा संस्थेच्या कागदपत्रांत एक आकडा सापडला. दर्जा समाप्ती आणि दर्जा रद्द करणे, अशी दोन्ही प्रकारची मिळून वर्षाला किमान ८७५ प्रकरणे पुढे पाठवण्याचे लक्ष्य ठरवले होते. प्रत्येक प्रकरण त्याच्या गुणावगुणांवर पाहावे, हे ज्या विषयात अत्यंत गरजेचे आहे तिथे आधी संख्या ठरवणे घातक आहे. प्रकरणे सापडतात कशी, हेही समजून घेण्यासारखे आहे. नागरिकत्वाच्या अर्जात गेल्या पाच वर्षांतला प्रत्येक परदेश प्रवास तारखांसह लिहावा लागतो. पीआर कार्डाच्या नूतनीकरणातही तेच. प्रामाणिकपणे भरलेल्या या रकान्यांतूनच अनेकांवर कारवाई सुरू झाली. कायद्यात कालमर्यादा नाही, आणि २०१२ पूर्वीच्या प्रवासांवरही बोट ठेवले गेले. ते प्रवास करताना पीआर जाईल असे कायद्यात कुठेही लिहिलेले नव्हते.

या कडकपणाला पहिला मोठा लगाम २०२२ मध्ये बसला. कोलंबियातून आईबरोबर लहानपणी आलेल्या एका तरुणीचे प्रकरण फेडरल अपील न्यायालयापुढे आले. आईचा दावा मंजूर झाला तेव्हा मुलीलाही दर्जा मिळाला होता. पुढे तिने कोलंबियाचा पासपोर्ट काढला आणि त्यावर मायदेशी अनेकदा गेली, पण तिथे वावरताना खासगी सुरक्षारक्षक नेमून. न्यायालयाने सांगितले की प्रवास झाला आणि पासपोर्ट वापरला, एवढ्यावर निकाल देता येणार नाही. या प्रवासाने दर्जा जाऊ शकतो हे त्या व्यक्तीला प्रत्यक्षात ठाऊक होते का? तिचे वय आणि शिक्षण काय? छळ करणारे सरकार होते की सरकारबाहेरचे कोणी? कशासाठी गेली, किती वेळा, किती दिवस, काय खबरदारी घेतली? निकालाचे परिणाम किती गंभीर आहेत? हे सगळे पाहावे लागेल.

यातला सरकारबाहेरच्या छळकर्त्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९५१ चा करार घडला तेव्हा डोळ्यांसमोर होती ती हुकूमशाही सरकारे. ज्या सरकारपासून पळालो त्याच्याच वकिलातीत जाऊन पासपोर्ट मागणे, हा त्या चित्रात खरोखरच मोठा पुरावा ठरतो. पण आज असंख्य स्त्रिया नवऱ्याच्या किंवा भावाच्या जिवघेण्या मारहाणीपासून पळालेल्या असतात, कोणी खंडणीच्या टोळ्यांपासून, कोणी जमातीच्या पंचांपासून. त्यांचे पासपोर्ट कार्यालयाशी वैर नसते. पासपोर्ट देणारे सरकार त्यांना मारत नाही, ते फक्त वाचवू शकत नाही. अशा बाईने दुसऱ्या शहरात उतरून, नातेवाइकांत कोणालाही न सांगता, मरणासन्न आईला रुग्णालयात भेटून येणे म्हणजे देशाचे संरक्षण स्वीकारणे कसे होईल?

अमेरिकेकडे वळले की मराठी घरांतले ओळखीचे आकडे दिसू लागतात. मुलगा किंवा मुलगी नागरिक झाली, तिने आई-वडिलांचे ग्रीन कार्ड केले, आणि मग अर्धे वर्ष न्यू जर्सी, अर्धे वर्ष पुणे, असा संसार सुरू होतो. ‘वर्षातून एकदा जाऊन आले की कार्ड टिकते’ हे वाक्य अशा घरांत नियमासारखे सांगितले जाते, आणि ते धोकादायक आहे. सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिले तर परतताना कायदा तुम्हाला नव्याने प्रवेश मागणारा माणूस मानू शकतो. सलग एक वर्ष ओलांडले तर नुसते कार्ड दाखवून आत जाता येत नाही. त्याहून जास्त काळ बाहेर राहायचेच असेल तर अमेरिकेत असतानाच रीएन्ट्री परमिटचा अर्ज करावा लागतो, आणि ते जास्तीत जास्त दोन वर्षांचे मिळते. या सगळ्याच्या वर एक न मोजता येणारी अट आहे. तुमचे खरे घर कुठे आहे? दर अकरा महिन्यांनी पंधरा दिवस हजेरी लावणाऱ्याचे घर पुण्यातच आहे, असा निष्कर्ष अधिकारी काढू शकतो. कर भरताना स्वतःला अनिवासी दाखवले तर तो पुरावा आपणच हाती दिल्यासारखे होते.

नागरिकत्वासाठी अमेरिकेत पाच वर्षांतले निम्मे, म्हणजे ३० महिने हजेरी लागते. सहा महिन्यांहून जास्त पण वर्षाहून कमी गैरहजेरी झाली तर वास्तव्यात खंड पडला असे गृहीत धरतात. ते पुराव्याने खोडता येते. वर्ष किंवा त्याहून जास्त झाले तर खंड पडतोच, आणि परतल्यावर साधारणपणे चार वर्षे एक दिवस थांबावे लागते. दर वर्षी पाच महिने पुण्यात आणि सात महिने तिकडे राहणाऱ्या आजी-आजोबांचे पाच वर्षांत ३५ महिने भरतात. त्यांचे गणित जमते. साडेसहा महिने सलग पुण्यात राहणाऱ्यांचे अडते, आणि फरक असतो सहा आठवड्यांचा. पासष्टी ओलांडलेल्या ग्रीन कार्डधारकाला मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा विकत घेण्यासाठीही पाच वर्षांचे सलग वास्तव्य लागते, म्हणून या सहा आठवड्यांची किंमत कधी कधी रुग्णालयाच्या बिलात मोजावी लागते.

२०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या विमानतळांवर वयस्कर भारतीय ग्रीन कार्डधारकांवर आय-४०७ या अर्जावर सही करण्यासाठी दबाव आल्याच्या बातम्या होत्या. हा अर्ज म्हणजे कायमचे वास्तव्य आपणहून सोडल्याची कबुली. सही करायचे बंधन नाही. इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागण्याचा हक्क आहे, आणि वास्तव्य सोडले हे स्पष्ट आणि खात्रीशीर पुराव्याने सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. आई-वडिलांना विमानात बसवण्यापूर्वी प्रत्येक घराने हे त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावे. चोवीस तासांच्या प्रवासाने थकलेल्या सत्तरीच्या माणसापुढे इंग्रजी कागद येतो तेव्हा ‘सही करा, लवकर सुटाल’ हे वाक्य फार गोड वाटते.

अमेरिकेतल्या निर्वासितांची स्थिती कॅनडाहून थोडी निराळी आहे. परदेशातून निर्वासित म्हणून निवडून आणलेल्याचा दर्जा काढायचा तर तो मुळातच निर्वासित नव्हता हे दाखवावे लागते. अमेरिकेत पोहोचून आश्रय मागितलेल्यांचा दर्जा मायदेशी परतल्यामुळे जाऊ शकतो, पण कायद्याच्या शब्दांत नुसती भेट पुरेशी नाही. तिथे कायमच्या रहिवाशाचे हक्क मिळालेले असणे किंवा मिळण्याची वाजवी शक्यता असणे आवश्यक आहे. तरीही इमिग्रेशन खाते आपल्या सूचनांत बजावते की मायदेशी जाणाऱ्या आश्रिताला, ग्रीन कार्ड मिळाल्यानंतरही, तो मुळात घाबरला होता का हे विचारले जाऊ शकते. म्हणजे भेटीमुळे दर्जा थेट गेला नाही तरी जुन्या जबानीवर संशय घेतला जातो.

इतर देशांत कायम रहिवाशाला किती काळ बाहेर राहता येते हे पाहिले तर अंतर अफाट आहे. जर्मनीतला साधा कायम परवाना सहसा सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास संपतो. ब्रिटनमध्ये सलग दोन वर्षे. न्यूझीलंडचा कायम निवासाचा व्हिसा एकदा मिळाला की माणूस किती वर्षांनी परतला याने बिघडत नाही. निर्वासितांच्या बाबतीत मात्र बहुतेक श्रीमंत देश एकाच दिशेने चालले आहेत. स्वित्झर्लंडने २०२० पासून निर्वासितांच्या मायदेश प्रवासावर कायद्यानेच बंदी घातली, सबळ कारण असल्यास परवानगीची सोय ठेवून. जर्मनीत ऑगस्ट २०२४ मधल्या झोलिंगेनच्या चाकूहल्ल्यानंतर दोन महिन्यांत सुरक्षाविषयक कायदे बदलले. आता मायदेशी गेलेल्या निर्वासिताला संरक्षणाची गरज नाही असे गृहीत धरले जाते. जवळच्या नातेवाइकाचे गंभीर आजारपण किंवा मृत्यू यांसारख्या नैतिकदृष्ट्या टाळता न येणाऱ्या कारणांना सूट आहे.

मला यात ऑस्ट्रेलियाची पद्धत त्यातल्या त्यात बरी वाटते. तिथल्या कायम संरक्षण व्हिसावर ८५५९ क्रमांकाची अट असते. ज्या देशापासून संरक्षण मिळाले तिथे मंत्र्यांच्या लेखी मंजुरीशिवाय जायचे नाही. अट कडक आहे, पण ती व्हिसासोबतच कळते, आणि जाण्यापूर्वी विचारता येते. कॅनडात असे विचारण्याची खिडकीच नाही. आई अत्यवस्थ आहे, दहा दिवस जाऊ का, या प्रश्नाला तिथे कोणी आधी बांधील उत्तर देत नाही. उत्तर मिळते ते जाऊन आल्यावर, कधी कधी आठ-दहा वर्षांनी.

हा प्रश्न सध्या सर्वांत मोठ्या प्रमाणावर सीरियाच्या लोकांपुढे आहे. ८ डिसेंबर २०२४ रोजी असद राजवट कोसळली तेव्हा सुमारे ६० लाख सीरियन निर्वासित देशाबाहेर होते. कायमचे परतावे की नाही हे ठरवण्यापूर्वी घर उभे आहे का, शाळा चालू आहे का, गावात कोण उरले आहे हे डोळ्यांनी पाहून यायची इच्छा कोणालाही होईल. तुर्कस्तानने १ जानेवारी ते १ जुलै २०२५ या काळात कुटुंबातल्या एका व्यक्तीला तीनदा जाऊन परत येण्याची मुभा दिली. जर्मनीत अशी मुभा देण्याची चर्चा झाली आणि नव्या सरकारने ती नाकारली. यूएनएचसीआरच्या मते अशा पाहणीच्या भेटींमुळे कोणाचाही दर्जा जाऊ नये, कारण विचारपूर्वक परतणारा माणूसच परतल्यावर टिकतो. सप्टेंबर २०२५ पर्यंत दहा लाखांवर सीरियन मायदेशी परतले होते. ज्यांना परतायला लावायचे आहे त्यांनाच बघायला जाऊ न देणे, हे सरकारांच्या स्वतःच्या उद्दिष्टालाही छेद देणारे आहे.

कॅनडातल्या निर्वासितांसाठी या कलमातून सुटण्याची आज एकच खात्रीची वाट आहे. नागरिकत्वाची शपथ घेतल्यावर दर्जा समाप्तीचे कलम लागू होत नाही. पण तिथे पोहोचायला लागणारे दिवस मोजून पाहा. दावा मंजूर झाल्यापासून पीआर मिळेपर्यंतचा प्रत्येक दिवस अर्धा धरला जातो, आणि अशा अर्ध्या दिवसांतून जास्तीत जास्त ३६५ जमा होतात. म्हणजे १,०९५ मधले ३६५ मिळवायला ७३० दिवस, आणि उरलेले ७३० पीआर म्हणून पूर्ण. चार वर्षे झाली. पीआरच्या अर्जाचा निकाल लांबला तर ते जादा दिवस वायाच जातात, आणि त्यानंतर नागरिकत्वाच्या अर्जाची छाननी असतेच. सरकारी दिरंगाईने वाढलेल्या प्रत्येक महिन्यात हा माणूस त्या कलमाच्या टप्प्यात राहतो, आणि मायदेशातले आई-वडील त्या काळात म्हातारे होत राहतात. तोवर वकील एकच सल्ला देतात. मायदेशाचा पासपोर्ट काढू नका, निर्वासितांसाठीच्या प्रवास दस्तऐवजावर प्रवास करा, आणि भेटायचेच असेल तर तिसऱ्या देशात भेटा. प्रवास करू शकणारे आई-वडील असले तर हे जमते. खाटेला खिळलेल्या आईच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही, आणि २०१२ ची तरतूद रद्द झाल्याशिवाय तिच्यासाठी दुसरी वाट नाही.